ट्रेडमिलवरचा एक-टेक व्हिडिओ: आठ यंत्रं कुठे मिळतील, हा पहिला प्रश्न नव्हे

तुमचा प्रश्न असा आहे: चार जणांचा बँड, स्वतःचं मराठी गाणं, लांबी ३ मिनिटं १० सेकंद, टेम्पो १२० (मिनिटाला १२० ठोके). 'ओके गो' या अमेरिकी बँडच्या 'हिअर इट गोज अगेन'सारखा, ट्रेडमिलवर नाचत न कापता केलेला व्हिडिओ हवा आहे. आठ ट्रेडमिल भाड्याने कुठे मिळतील, किती दिवस लागतील आणि कमी पैशात होईल का?

ट्रेडमिल मिळतात. व्यायामाची साधनं महिन्याच्या भाड्याने देणारे आता प्रत्येक मोठ्या शहरात आहेत. घोडं अडतं ते दुसरीकडेच. चार माणसांनी सलग तीन मिनिटं, एकही मोठी चूक न करता, एकाच वेळी बरोबर असणं ही या व्हिडिओची खरी किंमत आहे आणि ती पैशात मोजली जात नाही. म्हणून आधी ते गणित करू, यंत्रांकडे नंतर येऊ.

मूळ व्हिडिओची माहिती थोडक्यात, कारण त्यातल्या प्रत्येक गोष्टीला कारण आहे. ओके गो हा शिकागोत १९९८ साली सुरू झालेला बँड. गाणं 'ओ नो' या २००५च्या अल्बममधलं. व्हिडिओ यूट्यूबवर आला ३१ जुलै २००६ला, म्हणजे गाणं बाजारात येऊन बरेच महिने झाल्यावर. नृत्यरचना ट्रिश सी हिची. ती गायक डेमियन कुलॅशची बहीण आणि मुळात बॉलरूम नर्तकी. चित्रीकरण फ्लोरिडात ऑर्लँडोला तिच्याच घरी झालं. आठ ट्रेडमिल, एक कॅमेरा, तोही जागचा न हलणारा, आणि एकूण १७ टेक. त्याआधी याच मंडळींनी 'अ मिलियन वेज' या गाण्यावर घराच्या मागच्या अंगणात असाच एका शॉटमध्ये नाच केला होता. म्हणजे ट्रेडमिल ही त्यांची पहिली उडी नव्हती. चौघांना एकत्र मोजून नाचायची सवय आधीच लागलेली होती. हे लोक विसरतात, आणि पहिल्याच व्हिडिओला आठ यंत्रं मागवून बसतात.

पुढचं सगळ्यांना माहीत आहे. महिन्याभरात त्यांनी तोच नाच एमटीव्हीच्या पुरस्कार सोहळ्यात रंगमंचावर करून दाखवला, गाणं अमेरिकेच्या बिलबोर्ड यादीत ३८व्या क्रमांकापर्यंत गेलं, आणि २००७ साली व्हिडिओला ग्रॅमी मिळालं.

आता गणित. १२० टेम्पोला एक ठोका अर्ध्या सेकंदाचा आणि चार ठोक्यांचा एक बार दोन सेकंदांचा. ३ मिनिटं १० सेकंद म्हणजे १९० सेकंद, म्हणजे ९५ बार. नाच बारागणिक बसवत नाहीत, चार-चार बारांचे तुकडे पाडतात. तुमच्या गाण्यात असे साधारण २४ तुकडे होतील. माणसं चार, म्हणजे तुकडे गुणिले माणसं ९६. या ९६ जागांपैकी प्रत्येक जागा बरोबर यायला हवी.

समजा तालमीत प्रत्येक माणसाचा प्रत्येक तुकडा १०० पैकी ९५ वेळा बरोबर येतो. ऐकायला उत्तम वाटतं, नाही का? पण ९५ टक्के ९६ वेळा आपल्याशीच गुणले की उरतात जेमतेम पाऊण टक्का. म्हणजे सरासरी १३७ टेकमध्ये एक निर्दोष. तेच प्रमाण ९८ टक्क्यांवर नेलंत तर सात टेकमध्ये एक. ९९ वर नेलंत तर अडीच-तीनमध्ये एक. पंचाण्णवावरून अठ्ठ्याण्णवावर जायला कदाचित चार संध्याकाळी जास्त लागतील, पण त्या चार संध्याकाळी चित्रीकरणाचे दहा-बारा दिवस वाचवतात. प्रत्यक्षात चुका अशा सुट्या-सुट्या येत नाहीत, एकाची चूक दुसऱ्याला ओढते, शिवाय काही चुका पोटात घालता येतात. त्यामुळे आकडे काटेकोर धरू नका, दिशा धरा. १७ टेक हा आकडा ऐकून लोक 'केवढी मेहनत' म्हणतात. मला तो आकडा फार लहान वाटतो, आणि तो लहान का आहे याचं उत्तर तालमीत आहे.

म्हणून तालमीत रोज एक तक्ता भरा. उभे २४ रकाने, आडव्या चार ओळी, चुकलं तिथे फुली. तीन दिवसांत दिसेल की फुल्या सगळीकडे सारख्या पसरलेल्या नसतात, पाच-सहा रकान्यांतच गर्दी करतात. ते तुकडे जास्त घोटायचे नाहीत, ते सोपे करायचे. हे सांगितलं की बँडवाल्यांना राग येतो, कारण नेमके तेच तुकडे त्यांचे लाडके असतात. पण पाहणाऱ्याला अवघड पाऊल आणि सोपं पाऊल यातला फरक कळत नाही, चौघं एकत्र आहेत की नाहीत एवढं मात्र लगेच कळतं. लेझमीच्या पथकात हेच असतं. हात साधे, पण ओळ एक.

आता तुकड्यांची वाटणी. धृपद तीनदा येत असेल तर तीनही वेळा पावलं तीच ठेवा, फार तर माणसांच्या जागा बदला. कडव्यांचा पाया एकच ठेवून दुसऱ्या कडव्यात एखादी गंमत वाढवा. असं केलं की २४ पैकी खरे शिकायचे तुकडे पंधरा-सोळाच राहतात. अवघड गोष्टी गाण्याच्या पहिल्या पाऊण मिनिटात ठेवा. बिघडलं तर ४० सेकंदांत थांबून परत सुरुवात करता येते. २ मिनिटं ५० सेकंदांवर जे बिघडतं ते अख्खा टेक आणि चौघांचा दम घेऊन जातं. ओके गोच्याच 'धिस टू शॅल पास' या २०१०च्या व्हिडिओत एकातून एक चालणारं अवाढव्य यंत्र आहे. ते सिन लॅब्स या मंडळींनी बांधलं, आणि त्यांनीही लहान, नाजूक, हमखास दगा देणाऱ्या गोष्टी सुरुवातीला आणि मोठ्या, भरवशाच्या गोष्टी शेवटाकडे ठेवल्या होत्या. मात्र शेवट नुसता सोपा ठेवून भागत नाही, तो दिसायला मोठा हवा. चौघं एका ओळीत येऊन एकाच दिशेने सरकत गेले तरी पुरतं.

यंत्रांकडे येऊ. ट्रेडमिलचा पट्टा एकाच दिशेला फिरतो. उलट दिशा हवी असेल तर अख्खं यंत्र फिरवून ठेवावं लागतं, म्हणजे त्याचे खांब आणि पॅनल दुसऱ्या टोकाला जातात. मूळ रचनेत यंत्रं कॅमेऱ्याला आडवी आहेत. माणूस पट्ट्यावर नुसता उभा राहिला तरी पडद्यावर डावीकडून उजवीकडे वाहत जातो आणि शेजारच्या पट्ट्यावरचा त्याच्या उलट. गमतीचा गाभा एवढाच आहे. यंत्रं कॅमेऱ्याकडे तोंड करून ठेवलीत तर वेग दिसतच नाही, माणूस नुसता लहान-मोठा होतो.

मापं आधी घ्या. घडी होणाऱ्या घरगुती यंत्राचा पट्टा साधारण ४० ते ४५ सेंमी रुंद आणि ११० ते १३० सेंमी लांब असतो, जिममधल्याचा ५० ते ५५ रुंद आणि १५० च्या आसपास लांब. पाच सेंमी रुंदी कागदावर किरकोळ वाटते, पण वळताना तीच पायाला वाचवते. घरगुती यंत्रं वजनाला हलकी असतात, दोन माणसं हलवू शकतात. जिममधली दीडशे किलोच्या घरात जातात, त्यांना चार माणसं आणि तळमजला लागतो. कुठलीही घेतलीत तरी सगळी एकाच मॉडेलची घ्या. वेगवेगळ्या यंत्रांवर पॅनलला ताशी २.५ किमी लिहिलेलं असलं तरी पट्टे सारखे धावत नाहीत.

वेग ठरवताना अंदाजाने बटणं दाबू नका, तो गाण्यातून काढा. दीड मीटरच्या पट्ट्यातले दोन्ही टोकांचे १५-१५ सेंमी सोडले की वापरण्याजोगे उरतात १.२ मीटर. तुमचा बार दोन सेकंदांचा. एका बारात माणूस या टोकाकडून त्या टोकाला वाहत जायला हवा असेल तर वेग सेकंदाला ०.६ मीटर, म्हणजे ताशी साधारण २.२ किमी. गाणं १४० टेम्पोचं असतं तर बार १.७ सेकंदांचा झाला असता आणि वेग २.५ लागला असता. हे जुळलं की नर्तकाला टोक बघावं लागत नाही, सम आली की टोक आलेलं असतं. न जुळवता वेग ठेवलात तर माणूस सारखा पायाकडे बघत राहतो, आणि पायाकडे बघणारा माणूस कॅमेऱ्यात घाबरलेला दिसतो.

यंत्र खरंच त्या वेगाने धावतंय का, हे तपासायला पट्ट्यावर पांढऱ्या चिकटपट्टीचा तुकडा लावा आणि दहा फेऱ्यांचा वेळ मोजा. एकदा रिकामं, एकदा तुमच्यातला सगळ्यात वजनदार माणूस उभा करून. दोन यंत्रांत तीन-चार टक्के फरक असेल तर १.२ मीटरमागे चार-पाच सेंमी पडतो, तो चालतो. दहा टक्के असेल तर यंत्र बदलून मागा. वजन चढल्यावर पट्टा अडखळत असेल तर बहुधा पट्ट्याखालचं सिलिकॉन तेल सुकलेलं असतं. घरातलं खोबरेल किंवा मशिनचं साधं तेल घालू नका, पट्टा खराब होतो.

एका पट्ट्यावरून शेजारच्या उलट्या पट्ट्यावर जाणं हे या नाचातलं सगळ्यात महत्त्वाचं पाऊल आहे, म्हणून ते जवळून बघू. दोन्ही पट्टे २.२ ने धावत असतील तर एकमेकांच्या हिशेबाने फरक ४.४ चा होतो. चालत्या बसमधून उतरताना माणूस बसच्या दिशेने दोन पावलं धावतो, इथे तसं करायला जागा नाही. दोन पट्ट्यांच्या मध्ये दोन्ही यंत्रांच्या कडेच्या पट्ट्या येतात, त्या धरून १५ ते २० सेंमीची न हलणारी जागा मिळते. नवशिका त्या जागेवर पाय ठेवून थांबतो, मग दुसरा पाय पट्ट्यावर टाकतो, आणि तो पाय एकटाच वाहून जातो. बरोबर पद्धत अशी: आधी कंबर पुढच्या पट्ट्यावर न्यायची, टाकायच्या पायाचा गुडघा सैल ठेवायचा, तळवा आधीच नव्या पट्ट्याच्या दिशेला वळवलेला हवा, आणि पाय टेकताक्षणी सगळा भार त्याच्यावर टाकून मागचा पाय उचलून घ्यायचा. अर्धा भार इथे, अर्धा तिथे असं झालं की माणूस फाकला जातो. नजर समोरच्या भिंतीवरच्या एका खुणेवर. हे पाऊल आधी पट्टे बंद ठेवून, मग १ किमीवर, मग १.५ वर, मग खऱ्या वेगाने, प्रत्येक टप्प्यावर दोन्ही बाजूंनी पन्नासेक वेळा करा. कंटाळवाणं आहे, पण बाकीचा नाच यावरच उभा असतो.

बूट सपाट तळाचे घाला. धावण्याच्या बुटांचा जाड रबरी तळ पट्ट्याला इतका धरतो की जागच्या जागी वळताना पाय अडकतो आणि गुडघा पिळतो. लेस बुटात खोचून वर चिकटपट्टी. घोळदार पँट नको.

सुरक्षेची एक मेख इथेच आहे. ट्रेडमिलला दोरीला बांधलेली लाल किल्ली असते. ती कपड्याला अडकवायची असते म्हणजे माणूस पडला की यंत्र थांबतं. नाचात ती कोणीच अडकवू शकत नाही, किल्ली यंत्रातच ठेवावी लागते. याचा अर्थ यंत्राची स्वतःची सुरक्षा तुम्ही काढून टाकलेली आहे. तिच्या बदल्यात कॅमेऱ्याच्या चौकटीबाहेर एक माणूस सगळ्यांच्या मुख्य स्विचवर हात ठेवून उभा पाहिजे, आणि त्याला दुसरं कुठलंही काम द्यायचं नाही. मोबाइलवर पडद्यामागचं शूटिंग करायलाही त्याला सांगू नका. यंत्रांच्या मागच्या टोकाला, जिथे पट्टा माणसाला बाहेर टाकतो, तिथे गाद्या. भिंत त्या टोकापासून किमान दीड मीटर लांब हवी.

वीज हा विषय बहुतेकांना चित्रीकरणाच्या सकाळी आठवतो. दोन एचपीची मोटर म्हणजे दीड किलोवॅट. चालण्याच्या वेगाला ती इतकी ओढत नाही, पण वायरिंगचा विचार छापील आकड्यावर करायचा. आठ यंत्रं म्हणजे १२ किलोवॅट, २३० व्होल्टला ५२ अँपिअरच्या आसपास. साध्या सिंगल फेज घराला किंवा लहान हॉलला हे झेपत नाही. थ्री फेज जोडणी असेल तर यंत्रं तिन्ही फेजवर वाटून लावा. एका १६ अँपिअरच्या प्लगला एकच यंत्र, घरगुती एक्स्टेन्शन बोर्ड अजिबात नको, अर्थिंग तपासलेलं हवं. यंत्रं एकामागून एक सुरू करा, कारण सगळी एकदम लावली की सुरुवातीच्या झटक्याला एमसीबी (भार जास्त झाला की वीज तोडणारा स्विच) पडतो. एमसीबी टिकला आणि आरसीसीबीच (विजेची गळती झाली की वीज तोडणारा स्विच) पडत राहिला तर प्रत्येक यंत्राची बारीक गळती मिळून मोठी झालेली असते. तेव्हा ती वेगवेगळ्या आरसीसीबीवर वाटायची, आरसीसीबी वगळून थेट जोडायची नाहीत. हे सगळं परवानाधारक वायरमनकडून करून घ्या.

आणखी एक गैरसोय अशी की बहुतेक यंत्रं स्टार्ट दाबल्यावर तीन-दोन-एक मोजून, टीं-टीं करत हळूहळू वेग घेतात. म्हणून गाण्यासोबत यंत्र सुरू करायचा बेत आखू नका. सगळे पट्टे खऱ्या वेगाला आल्यावर गाणं लावा. काही यंत्रं ठरावीक मिनिटांनी आपोआप बंद होतात, तो आकडा आधी शोधून ठेवा, नाहीतर उत्तम चाललेल्या टेकमध्ये एक पट्टा निवृत्त होतो.

कॅमेऱ्याला हात लावायचा नाही हे तर ठरलेलंच. न हलणारा कॅमेरा ही काटकसर वाटते, पण तोच प्रेक्षकाचा पुरावा आहे. चौकट स्थिर असली की पाहणाऱ्याला पाच सेकंदांत नियम कळतो: हीच जागा, हीच माणसं, कुठे लपवाछपवी नाही. कॅमेरा फिरवलात की हलतंय कोण, माणूस की कॅमेरा, हेच कळेनासं होतं आणि ट्रेडमिलचा खर्च वाया जातो. रुंदीचा हिशेब असा: दोन यंत्रं टोकाला टोक लावून, मध्ये जागा सोडून, साधारण पाच मीटर, दोन्ही बाजूंना श्वास घ्यायला धरून सहा. मोबाइलच्या मुख्य लेन्सला सहा मीटर रुंदी मिळवायला पुढच्या यंत्रापासून साडेचार मीटर मागे जावं लागेल, फुल फ्रेम कॅमेऱ्यावर ३५ मिमी लेन्स असेल तर जवळजवळ सहा मीटर. चार यंत्रं खोलीत मागे-मागे ठेवली तर त्यांनाच साडेतीन मीटर लागतात. म्हणजे हॉल किमान ११-१२ मीटर लांब हवा, आणि बरेचसे हॉल इथेच बाद होतात. जागा कमी आहे म्हणून मोबाइलची अतिरुंद लेन्स लावू नका, कडेची माणसं ताणलेली दिसतात. कॅमेरा छातीच्या उंचीपेक्षा वर, पावणेदोन-दोन मीटरवर ठेवलात तर मागच्या ओळीचे पायही दिसतात. या व्हिडिओत चेहऱ्यांपेक्षा पाय महत्त्वाचे.

फोकस आणि एक्स्पोजर कुलूपबंद, स्थिरीकरण बंद, सेकंदाला २५ फ्रेम आणि शटर १/५०, म्हणजे आपल्या ५० हर्ट्झच्या दिव्यांची लुकलुक येत नाही. कपडे गडद नकोत, पट्टे काळे असतात आणि पाय त्यात विरघळतात. एक-टेक व्हिडिओत कपड्यांचा रंग हा संपादनाची जागा घेतो, कोण कुठे गेला हे डोळा रंगावरूनच पकडतो. चौघांना चार रंग द्या.

गाणं लावायला वायरचा स्पीकर आणि गाण्याआधी दोन बार नुसती ठोके मोजणारी टिक. आठ मोटरींचा घरघराट असतो, त्यामुळे स्पीकर नाचणाऱ्यांच्या जवळ आणि मोठा हवा. वेग फारच जड जात असेल तर एक मान्य पळवाट आहे: गाणं हळू लावून चित्रीकरण करायचं आणि नंतर चित्र वेगात चालवायचं. ओके गोने 'आय वोन्ट लेट यू डाउन'मध्ये हेच केलं, निम्म्या वेगाने चित्रीत करून दुप्पट वेगाने दाखवलं. ट्रेडमिलवर मात्र मी हे फार तर ८५-९० टक्क्यांपर्यंत करीन, आणि मग पट्ट्याचा वेगही त्याच प्रमाणात कमी करावा लागेल. त्याखाली गेलात की उडी मारलेला माणूस जमिनीवर जरा जास्तच लवकर येतो आणि डोळ्याला खोटं जाणवतं.

किती दिवस? इथे माझं उत्तर तुमच्या माणसांवर अवलंबून आहे. चौघांपैकी दोघांना तरी नाचाची सवय असेल तर: कागदावर तुकडे पाडायला दोन दिवस, जमिनीवर ५० गुणिले १५० सेंमीचे चौकोन चिकटपट्टीने आखून तीन-चार दिवस, यंत्रांवर सहा-सात दिवस, चित्रीकरण एक दिवस आणि दुसरा राखीव. कोणालाच सवय नसेल तर दुप्पट धरा. जमिनीवरची तालीम फक्त जागा आणि क्रम पाठ करायला आहे, पट्ट्याचं वाहणं त्यात कळत नाही, म्हणून ती लांबवून फायदा नाही. चित्रीकरणाच्या दिवशी तीन मिनिटांचा टेक, मग पाणी, पाहणं, परत जागा, असं धरून तासाला पाच टेक होतात. दहाव्याच्या पुढे पाय जड होतात आणि चुकीचं प्रमाण वाढायला लागतं. तेव्हा जेवण आणि तासभर विश्रांती. 'अजून एकच' म्हणत बाविसाव्यापर्यंत जाण्यात काही हाशील नाही.

कुठला टेक ठेवायचा यावर बँडमध्ये भांडण होतंच. मी कसोटी एकच लावतो: चूक झाल्यावर माणूस गाण्यात राहिला का? हात किंचित उशिरा गेला, तोल डळमळला पण चेहरा निर्विकार राहिला, तर तो टेक चांगला. उलट पावलं बरोबर पण 'चुकलो' असा चेहरा झाला, तर तो टेक बाद. मूळ व्हिडिओचं हसू येण्याचं अर्धं कारण हे आहे की इतक्या वेड्या प्रकारात चौघांची तोंडं बँकेच्या रांगेत उभं असल्यासारखी आहेत. हसायचं काम प्रेक्षकाचं.

आता मला विचाराल तर पहिल्यांदा आठ यंत्रं आणू नका. दोन आणा, एक सरळ आणि एक उलटं, एकामागे एक. दोघं पट्ट्यांवर, दोघं पुढे आणि मागे जमिनीवर. वाहणारा माणूस आणि उभा माणूस यांचा विरोध दोनातही तितकाच दिसतो, वीज साध्या दोन प्लगवर भागते, हॉल निम्मा पुरतो. शिवाय आठ म्हटलं की तुलना थेट मूळ व्हिडिओशी होते, आणि तिथे तुम्ही हरणार. किंवा ट्रेडमिल सोडूनच द्या. रोजच्या पाहण्यातली एक वस्तू, तिची एकच हालचाल आणि तिच्यावरून काढलेला एकच नियम एवढं हातात असलं की काम होतं. सरकता जिना, चाकांच्या खुर्च्या, गच्चीवर वाळत घातलेल्या चादरी, काहीही. मात्र वस्तू गाण्याच्या ठोक्यात बसली पाहिजे. बसत नसेल तर कल्पना कितीही गोड असो, सोडा. दुसऱ्याची नृत्यरचना पावलागणिक उचलणं हक्काच्या दृष्टीनेही अडचणीचं आहे, कल्पनेची प्रेरणा घेणं वेगळं.

हक्कांचंच निघालं आहे तर एक सांगतो. ओके गोच्या ट्रेडमिल व्हिडिओच्या बाबतीत पुढे काय झालं पाहा. तो लोक आपापल्या संकेतस्थळांवर लावत होते म्हणून पसरला, आणि नंतर बँडच्या रेकॉर्ड कंपनीने, ईएमआयने, तसं लावण्याची सोय बंद केली. कुलॅशने २०१०च्या फेब्रुवारीत न्यूयॉर्क टाइम्समध्ये लेख लिहून सांगितलं की त्यानंतर रोजची दर्शकसंख्या ९० टक्क्यांनी घसरली. त्याच वर्षी बँड कंपनीतून बाहेर पडला. तेव्हा तुमच्या व्हिडिओला कोणी पैसे देत असेल तर तो कुठे, कसा दाखवायचा हे ठरवण्याचा हक्क कागदावर तुमच्याकडे राहील असं बघा.

शेवटी संपादन. कापायचं काहीच नाही म्हणून लोक ते गृहीत धरतात, आणि मग तिसऱ्या मिनिटाला ओठ आणि गाणं वेगळे पडतात. मोबाइल बहुतेक वेळा फ्रेमचा वेग कमी-जास्त करत चित्रीत करतो. फाइल आधी स्थिर २५ फ्रेममध्ये बदलून घ्या, सुरुवातीची टिक आणि मूळ गाण्याची टिक जुळवा, आणि मग शेवटचा बार तपासा. सुरुवात जुळली आणि शेवट दोन फ्रेमपेक्षा जास्त हलला, तर बदल नीट झालेला नाही. तो परत करा, चित्र ताणून जुळवू नका. ही चाचणी चित्रीकरणाच्या आदल्या दिवशीच तीन मिनिटांच्या फालतू क्लिपवर करून ठेवा.

गाण्यातली कडवी-धृपदांची लांबी बारांत आणि हॉलची लांबी-रुंदी इथेच लिहिलीत तर २४ तुकड्यांचा कच्चा तक्ता पाडून देतो.